मिंट २२.२ ‘झारा’ आलंय: जुन्या लॅपटॉपवर टाकायच्या आधी आणि टाकताना काय करायचं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याच आठवड्यात वसुबारस, त्यामुळे त्या दिवाळीत ज्यांच्या घरी फराळाला गेलो तिथे चहा यायच्या आधी लॅपटॉप पुढे येत होता. “हे बघ रे जरा, सपोर्ट संपला म्हणतंय, आता काय करायचं?” मामांचा लॅपटॉप सातव्या जनरेशनच्या आय५ चा, ८ जीबी रॅम, बिजागरी थोडी ढिली पण बाकी मशीन ठणठणीत. विंडोज ११ ला साधारण आठव्या जनरेशनच्या पुढचा इंटेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे तिकडचं दार बंद. मामा म्हणाले, “मग काय भंगारात घालू?” म्हटलं थांबा, भाऊबीजेपर्यंत वेळ द्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये लिनक्स मिंटची, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमची, २२.२ आवृत्ती आली, नाव झारा. तीच टाकली. त्यानंतर चार जणांनी “मला पण सांग ना कसं टाकायचं” म्हणून विचारलं आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून हे एकदाच लिहून काढतोय. यात सगळ्यात लांब भाग इन्स्टॉल करायच्या आधीचा आहे हे आत्ताच सांगतो, कारण इन्स्टॉल करणं हे वीस मिनिटांचं नेक्स्ट-नेक्स्ट आहे, लोक रडतात ते आधीचं न केल्यामुळे.

आधी हे बघा की तुम्हाला नवीन आवृत्ती हवीय का

मिंटच्या आवृत्त्यांची नावं बायकांची असतात आणि अक्षरं क्रमाने पुढे सरकतात. २० ची उलियाना, २१ ची व्हेनेसा, २२ ची विल्मा. मग २२.१ ला झिया, जिचं स्पेलिंग एक्सने आहे, आणि २२.२ ला मधलं अक्षर गाळून थेट झेडवाली झारा. ही सगळी २२ ची मंडळी उबुंटू २४.०४ एलटीएसवर (उबुंटू म्हणजे मिंट जिच्यावर बांधलंय ती लिनक्स, एलटीएस म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती) उभी आहेत आणि सगळ्यांना २०२९ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळणार. म्हणजे तुमच्याकडे २२ किंवा २२.१ नीट चालत असेल तर आकाश कोसळत नाहीये, निवांत घ्या.

२२.२ मध्ये खरा फरक काय तर कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा सिस्टीमचा गाभा. २२ आणि २२.१ बरोबर ६.८ होतं, याच्यासोबत ६.१४ येतं. ज्यांचा लॅपटॉप नवाकोरा आहे आणि जुन्या आयएसओवर (इन्स्टॉल करायची फाइल) वाय-फाय सापडत नव्हतं, टचपॅड रुसत होता किंवा ग्राफिक्स गंडत होतं, त्यांच्यासाठी हे सोनं आहे. जुन्या मशीनवाल्यांना काहीही फरक जाणवणार नाही, आणि ते चांगलंच आहे. बाकी फिंगरप्रिंटसाठी फिंगविट नावाचं नवीन अ‍ॅप आलंय, बोट टेकवून लॉगिन करता येतं, फक्त होम फोल्डर एन्क्रिप्ट केलं असेल तर लॉगिनला पासवर्डच टाकायचा. लॉगिनच्या स्क्रीनवर मागचं चित्र धूसर दिसतं, थीमचा रंग किंचित निळसर झालाय. मामांनी यातलं काहीही नोटीस केलं नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो “पत्ते कुठायत?”

आधीपासून मिंट वापरताय त्यांच्यासाठी, पटकन

२२ किंवा २२.१ असेल तर अपडेट मॅनेजर उघडा, रिफ्रेश करा, जे अपडेट दिसतात ते आधी सगळे घालून घ्या, मग वरच्या एडिट मेनूमध्ये नवीन आवृत्तीवर जायचा पर्याय दिसतो, तो दाबा आणि सांगेल तसं करत जा. शेवटी रीस्टार्ट. झालं, पेन ड्राइव्ह लागत नाही.

२१ वाले असाल तर ही वेगळी उडी आहे कारण खालचं उबुंटूच बदलतं. आधी २१.३ वर या, मग मिंटअपग्रेड नावाचं टूल टाकावं लागतं, ते आधी तपासणी करतं, बाहेरून आणलेले पीपीए (सॉफ्टवेअरचे खासगी स्रोत) आणि परकी पॅकेजेस काढायला लावतं आणि मग तासन्‌तास डाउनलोड करत बसतं. त्यामुळे लाइट जाण्याची वेळ बघून बसा, लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर यूपीएसशिवाय हात लावू नका. तुम्हाला घाई नसेल तर २१ ला २०२७ पर्यंत अपडेट आहेतच. २० वर असाल तर मात्र त्याचा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्येच संपलाय, आणि २० वरून चढत चढत येण्यापेक्षा मी सरळ डेटा काढून नव्याने इन्स्टॉल करा म्हणेन.

अपग्रेडच्या आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट घ्यायचा, आणि इथे एक गोष्ट ठळक लिहितो: टाइमशिफ्ट हा तुमच्या फोटोंचा बॅकअप नाही. ते सिस्टीमच्या फाइल्स साठवतं, होम फोल्डर त्यात नसतं, तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय. माझ्या एका मित्राने मोठ्या विश्वासाने स्नॅपशॉट घेतला आणि डिस्क फॉरमॅट केली. स्नॅपशॉट पण त्याच डिस्कवर होता. पोरीच्या बारशाचे फोटो त्याला नंतर नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून गोळा करावे लागले, ते पण कॉम्प्रेस झालेले.

आता विंडोजवरून येणारे

कागद घ्या, खरंच कागद घ्या. तुम्ही आठवडाभर कंप्युटरवर काय काय करता ते लिहा. आठवून लिहू नका, करता करता लिहा. मामांची यादी अशी झाली: पेपर वाचणं, नेट बँकिंग, सोसायटीचे हिशेब एक्सेलमध्ये, सोसायटीच्या नोटिसा मराठीत वर्डमध्ये, प्रिंट, नातवाशी व्हिडिओ कॉल, पत्ते. यातलं पेपर, बँक, कॉल हे ब्राउझरचं काम आहे, फायरफॉक्स मिंटमध्ये असतोच. हिशेब लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, मॅक्रो वगैरे भानगड नसेल तर काही अडत नाही. प्रश्न होता नोटिसा आणि प्रिंटरचा, त्याकडे येतोच.

तुमच्या यादीत टॅली असेल तर थांबा, ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, त्यासाठी विंडोज ठेवूनच ड्युअल बूट करा (एकाच मशीनवर दोन्ही सिस्टीम) किंवा हा नाद सोडा. सह्या करायचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असाल तर ज्यांच्याकडून घेतलं त्यांना आधी विचारा की लिनक्सचा ड्रायव्हर आहे का. फोटोशॉप, कोरल यांचंही तेच. जुन्या श्रीलिपी किंवा तसल्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली मॅटर असतील तर ती विंडोज जिवंत असतानाच युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या, नंतर ती फाइल उघडली की मराठीऐवजी चिन्हांचा चिवडा दिसतो आणि लोक लिनक्सला शिव्या देतात, ज्यात लिनक्सचा काही दोष नसतो.

मग बॅकअप. बाहेरच्या हार्ड डिस्कवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स कॉपी करा, आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून दोन-चार फाइल्स उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नसतं, उघडली म्हणजे झाला. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड विसरू नका. मामांचे सगळे पासवर्ड एका डायरीत होते, एरवी मी त्यावर हसलो असतो, त्या दिवशी नाही हसलो.

विंडोज ठेवायचं असेल तर तीन कामं विंडोजमध्ये बसूनच करायची. एक, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा, असेल तर रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर नंतर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एखादी सेटिंग हलवली की विंडोज ती की मागतं आणि मग धावपळ. दोन, कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण ते चालू असलं की विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मिंटमधून ती ड्राइव्ह उघडली की नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. तीन, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह आक्रसून निदान ५० जीबी मोकळी जागा करा. मिंटला कमीत कमी २० जीबी लागते असं सांगतात, १०० जीबी असली तर उत्तम म्हणतात, २० मध्ये तुम्ही सहा महिन्यांत रडाल.

आणि अजून हार्ड डिस्कवर असाल, म्हणजे ती जुनी घरघर करणारी, तर आधी एसएसडी टाकून घ्या. लोक म्हणतात मिंट टाकलं आणि लॅपटॉप उडायला लागला, त्यातलं निम्मं श्रेय एसएसडीचं असतं.

कुठली एडिशन

तीन आहेत: सिनॅमन, एक्सएफसीई, माटे. ८ जीबी रॅम असेल तर डोळे मिटून सिनॅमन, विंडोज ७ वापरलेल्या माणसाला ते आपलं घर वाटतं, खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. अधिकृतपणे २ जीबीवर पण चालतं, पण आजकालच्या वेबसाइट २ जीबीवर चालत नाहीत त्याला मिंट काय करणार. माटेबद्दल मला फार मत नाही, ज्यांना आवडतं त्यांना ते आवडतं. मशीन ३२-बिट असेल तर विसरा, मिंट २० पासून फक्त ६४-बिट आहे.

डाउनलोड मिंटच्या अधिकृत साइटवरूनच करायचं. आयएसओ फाइल साधारण ३ जीबीच्या घरात आहे. सोबत फाइल नीट उतरली का हे तपासायचा शा-२५६ चा आकडा दिलेला असतो, तो जुळवून बघायचा, तुमच्याकडे दुसरीकडे कुठे मिंट असेल तर फाइलवर राइट क्लिक करून व्हेरिफाय दाबलं की सगळं सोपं होतं. हे कंटाळवाणं वाटतं खरं, पण अर्धवट डाउनलोड झालेल्या आयएसओने माझी एक अख्खी रात्र खाल्लेली आहे, इन्स्टॉल ८० टक्क्यांवर जाऊन थांबायचं आणि मी बिचाऱ्या पेन ड्राइव्हला दोष देत होतो.

पेन ड्राइव्ह ८ जीबीचा पुरे. विंडोजवर रुफस किंवा बॅलेना एचर वापरा, दोन्ही पेन ड्राइव्ह पूर्ण पुसतात, त्यात लग्नाचे व्हिडिओ असतील तर आधी काढा. मी स्वतः व्हेंटॉय वापरतो, ते एकदा पेन ड्राइव्हवर बसवलं की पुढे आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट करायची, एकाच ड्राइव्हवर दोन-तीन डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे प्रकार) राहतात.

एक संध्याकाळ लाइव्हवर काढा

लॅपटॉप बंद करा, पेन ड्राइव्ह लावा, चालू करताना बूट मेनूची की टकाटक दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, असुसला एस्केप, एसरला एफ१२ पण ते आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं. पेन ड्राइव्ह निवडला की मिंटचा मेनू येतो, पहिलाच पर्याय घ्यायचा. स्क्रीन काळी पडली तर त्याच मेनूत कम्पॅटिबिलिटी मोड आहे तो घ्या, एनव्हिडियाचं कार्ड असलं की कधी कधी लागतो.

आता तुम्ही मिंटमध्ये आहात आणि तुमच्या डिस्कला हातही लागलेला नाही. इथेच लोक डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं आयकॉन दाबायला धावतात. नका धावू. चहा घ्या, आणि तो कागद काढा.

वाय-फाय दिसतंय का? आवाज येतोय का, हेडफोन लावल्यावर तिकडे जातोय का? कॅमेरा? ब्लूटूथ? ब्राइटनेसच्या की चालतात? झाकण मिटून उघडलं की लॅपटॉप परत जागा होतो का? हे शेवटचं कोणी बघत नाही आणि मग रोज वैतागतं. एचडीएमआयने टीव्हीला लावून बघा. लाइव्ह हे पेन ड्राइव्हवरून चालतं त्यामुळे जरा हळू असतं आणि बंद केलं की तुम्ही केलेलं सगळं विसरतं, तेवढं लक्षात ठेवा, त्यावरून वेगाचं मत बनवू नका.

वाय-फाय दिसत नसेल तर घाबरू नका, फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, मिंटला ते लगेच कळतं. नंतर इन्स्टॉल झाल्यावर याच मार्गाने ड्रायव्हर उतरवता येतो.

प्रिंटर. गेल्या काही वर्षांतले वाय-फायवाले प्रिंटर बहुतेक वेळा आपोआप सापडतात, तुम्ही काही करायच्या आत “प्रिंटर जोडला” म्हणून मेसेज येतो. अडचण येते ती त्या जुन्या, चिवट, छोट्या लेझर प्रिंटरांची जे आपल्याकडे निम्म्या ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत अजून चालू आहेत आणि ज्यांना कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. मामांकडे तसलाच निघाला. दीड तास घालवला, प्रिंटर दिसायचा, जॉब जायचा, कागद काही यायचा नाही. शेवटी मामांनीच तोडगा काढला, “पीडीएफ करून कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवतो, तसंही माझं महिन्याला दोन कागदांचं काम.” तुमचं रोजचं प्रिंटचं काम असेल तर मात्र हा निकाल लाइव्हवरच लावून घ्या, इन्स्टॉलनंतर नाही.

इन्स्टॉल

इन्स्टॉलर उघडल्यावर भाषा इंग्लिशच ठेवा. मराठी अभिमान मलाही आहे, पण कीबोर्ड तिथेच मराठी केलात तर पासवर्ड देवनागरीत जाऊन बसतो आणि मग लॉगिनला तुम्हीच तुमच्या घराबाहेर. कीबोर्डमध्ये इंग्लिश इंडियाचा रुपयावाला लेआउट आहे तो घ्या, उजवा ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ येतं, सोसायटीच्या हिशेबाला कामाचं.

मग मल्टिमीडिया कोडेक्सची टिक विचारतो. ती करा, नाहीतर काही व्हिडिओ चालत नाहीत. पण सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर तिथेच तो एक पासवर्ड बनवायला सांगेल. हा लॉगिनचा पासवर्ड नाही, एकदाच लागणारा आहे, साधा ठेवा आणि कागदावर लिहा. कशासाठी ते पुढे कळेल, मला जरा उशिरा कळलं.

यानंतरचं पान म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं, डिस्कचं. विंडोजशेजारी इन्स्टॉल करा, डिस्क पुसून टाका, किंवा ‘समथिंग एल्स’. विंडोज ठेवायचंय तर पहिला. ‘इरेज डिस्क’ म्हणजे खरंच इरेज, सी-डी-ई सगळ्या ड्राइव्ह जातात, “मी तर सी वरच टाकत होतो, डी कशी गेली” हा फोन मला दोनदा आलाय. लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही असतील तर वर कुठली निवडली आहे ते साइज वाचून खात्री करा, नावांवर जाऊ नका. डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज मोड बघा, इंटेल आरएसटी किंवा रेडवर असेल तर ती एएचसीआयवर न्यावी लागते, आणि विंडोज ठेवायचं असेल तर तो बदल नीट वाचून करा, तसाच केला तर विंडोज बूट होत नाही.

‘समथिंग एल्स’ घेणाऱ्यांसाठी एवढंच: ईएफआयचं (मशीन बूट करायला लागणारं) छोटं पार्टिशन आधीपासून असेल तर त्याला हात लावू नका, फॉरमॅटची टिक चुकूनही नको. सिस्टीमसाठी ५० जीबीच्या आसपास द्या, उरलेलं होमला वेगळं. होम वेगळं ठेवलं की पुढची मोठी आवृत्ती आल्यावर सिस्टीमचा भाग तेवढा पुसून नव्याने टाकता येतो, तुमच्या फाइल्स जागच्या जागी. स्वॅपचं (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेचं) पार्टिशन करायची गरज नाही, ते फाइल म्हणून आपोआप होतं.

टाइमझोनला नकाशावर पुणे-मुंबई शोधत बसू नका, कोलकाताच आहे. युझरनेम छोट्या इंग्लिश अक्षरांत. मग पंधरा-वीस मिनिटं फोटो बघत बसा, मग रीस्टार्ट, पेन ड्राइव्ह काढून एंटर.

आणि इथे ते निळं पान येतं. पूर्ण स्क्रीन निळी, इंग्लिशमध्ये एमओके (मशीनच्या मालकाची की) मॅनेजमेंटसाठी कुठलीही की दाबा, आणि खाली दहापासून उलटी गिनती. मामा नेमके त्याच क्षणी करंज्यांचं ताट घेऊन आले, मी मान वळवली, परत बघतो तर मिंट बूट व्हायला लागलेलं. म्हटलं बरं झालं, काहीतरी फालतू असेल. डेस्कटॉप आला, छान दिसला, ड्रायव्हर मॅनेजरने वाय-फायचा ड्रायव्हर पण घातला, आणि वाय-फाय काही येईना. रीस्टार्ट, येईना. परत ड्रायव्हर, येईना. अर्ध्या तासाने ट्यूब पेटली: सिक्युअर बूट चालू असताना कर्नल बिनसहीचा ड्रायव्हर आत घेत नाही, त्या निळ्या पानावर ‘एनरोल एमओके’ निवडून, कंटिन्यू, येस, तो कागदावरचा पासवर्ड आणि मग रीबूट, असं केलं की मिंटच्या सहीला मशीन ओळखायला लागतं. मी ती ओळख परेडच चुकवली होती. मामांच्या मशीनवर विंडोज ठेवायचं नव्हतं म्हणून मी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं आणि विषय मिटवला. तुम्ही ड्युअल बूटवाले असाल तर तसं करण्याआधी ती बिटलॉकरची की हाताशी ठेवा. आणि त्याहून सोपं म्हणजे त्या दहा सेकंदांत करंजीकडे बघू नका.

टाकल्यावर पहिल्या तासात

वेलकमची खिडकी उघडते, तिच्यात फर्स्ट स्टेप्समध्ये बरंचसं आहे. अपडेट मॅनेजर चालवा, ड्रायव्हर मॅनेजर बघा, टाइमशिफ्ट लावा (आठवड्याला एक, दोन ठेवा, नाहीतर डिस्क भरते), फायरवॉल बंद असते ती एका क्लिकवर चालू करा. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये काही अ‍ॅप दिसत नसेल तर गोंधळू नका, २२ पासून अनव्हेरिफाइड फ्लॅटपॅक (कुठल्याही लिनक्सवर चालणारे अ‍ॅपचे पॅक) मुद्दाम लपवलेले असतात, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन दाखवता येतात, पण कोणी बनवलंय ते बघून मगच घ्या. मामांसाठी मी ते बंदच ठेवलं. उबुंटूवरून येणाऱ्यांसाठी, स्नॅप ही उबुंटूची अ‍ॅप टाकायची पद्धत इथे नाही.

ड्युअल बूट केलं असेल तर कधी कधी विंडोजमध्ये घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे दिसतं. मशीन खराब नाही. लिनक्स आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. मिंटला आतलं घड्याळ लोकल टाइमवर ठेव म्हणून सांगायची एका ओळीची कमांड आहे, ती एकदा दिली की संपलं.

मराठीचं बघू

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटमध्ये जा, प्लस दाबून मराठी शोधा. दोन प्रकार मिळतात, एक एनहान्स्ड इनस्क्रिप्ट आणि एक कागप नावाचा फोनेटिक. इनस्क्रिप्ट येत असेल तर प्रश्नच नाही. ज्यांना इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सवय आहे त्यांनी आयबस आणि एम१७एन ही पॅकेजेस घाला, त्यात मराठीचे बरेच प्रकार आहेत, आयट्रान्स, फोनेटिक आणि चक्क गमभन. जुन्या लोकांच्या डोळ्यात पाणी येईल.

फॉन्टचं म्हणजे, मंगल हा विंडोजचा फॉन्ट, तो इथे नसतो, त्यामुळे वर्डमध्ये मंगलमध्ये केलेली नोटीस उघडली की मिंट दुसरा फॉन्ट लावतं, मजकूर नीट दिसतो पण ओळी सरकतात, एका पानाची नोटीस दीड पानाची होते आणि सेक्रेटरींची सही एकटीच दुसऱ्या पानावर. मामांच्या नोटिसा मी मुक्ता फॉन्टवर आणल्या, मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्टवाल्यांचा आहे, फुकट आहे, आणि विंडोजवर पण टाकता येतो त्यामुळे सोसायटीतल्या बाकीच्यांनाही तसंच दिसतं. फॉन्ट फाइलवर डबल क्लिक, इन्स्टॉल, बस.

कुठलाही फॉन्ट घेतलात तरी “दुसऱ्या ऑफिसातला ॲड्रेस, तऱ्हेवाईक म्हाताऱ्याचं कृत्य” असं काहीतरी टाइप करून बघा. ऱ्या मधला तो पापणीसारखा र नीट आला, ॲ तुटला नाही, तर फॉन्ट पास. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, तिथे भाषांमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटला टिक करून मराठी निवडा. ज्या फॉन्टात सोय असते तिथे ल आणि श पण मग आपल्या वळणाचे येतात, हिंदीसारखे नाही.

पेन ड्राइव्ह पुसू नका

सगळं झालं की तो पेन ड्राइव्ह परत गाण्यांसाठी वापरायचा मोह होतो. ठेवून द्या. ड्युअल बूटवाल्यांना कधीतरी विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर मशीन थेट विंडोजमध्ये जायला लागतं, मिंटचा मेनू गायब. तेव्हा आधी बायोसमध्ये बूटचा क्रम बघा, बऱ्याचदा तेवढंच झालेलं असतं. नसेल तर याच पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालू करा, मेनूत बूट रिपेअर नावाचं टूल असतं, त्यातला सुचवलेला पर्याय दाबा, बहुतेक वेळा काम होतं.

मामांनी त्या पेन ड्राइव्हला राखीचा जुना दोरा बांधून देव्हाऱ्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, मीटरच्या बिलांशेजारी. परवा फोन आला होता, मला वाटलं काहीतरी बंद पडलं. “अरे ते पत्ते सापडले,” म्हणाले, “पण रमी नाहीये त्यात.”